ढिलाई नेमकी कुठे आहे, ते आधी शोधा



कापसाच्या आणि ज्वारीच्या पट्ट्यात बैलगाड्या कमी होत गेल्या आणि त्यांच्या जागी पिकअप आले. कापूस जिनिंगवर न्यायचा असो, कडबा आणायचा असो, खताची पोती असोत की फवारणीच्या पाण्याच्या टाक्या, सगळे आता त्याच्याच पाठीवर. पण नवा कोरा पिकअप घेणारा कोरडवाहू शेतकरी गावात शोधावा लागतो. बाकीच्यांच्या दारात असते ती सेकंडहँड गाडी. शहरात पाच-सात वर्षे सिमेंट, भाजी, दूध, गॅसच्या टाक्या वाहून जिचा जीव गेला आहे अशी. शरद जोशींनी इंडिया आणि भारत अशी मांडणी केली तेव्हा ती शेतीमालाच्या लुटीबद्दल होती. आम्हाला ती जुन्या गाड्यांच्या बाजारातही दिसते. इंडियात काम भागवून झाले की गाडीला रंग मारायचा आणि भारतात विकायची.

त्यात लाजण्यासारखे काही नाही. ज्याच्याकडे भांडवल साठू दिले गेले नाही, तो जुनेच घेणार. प्रश्न घेतल्यानंतरचा आहे, आणि त्यातही एका दुखण्याचा: स्टिअरिंगचा. तालुक्याच्या कोणत्याही बैठकीत पिकअपवाल्यांचा विषय काढा, दहांतले निम्मे एकच तक्रार सांगतात, ‘स्टेरिंग ढिलं आहे.’ मग पुढचा प्रश्न विचारा, ‘काय केलंत?’ उत्तरे ठरलेली. टायरॉडचे एंड बदलले. बॉक्स घट्ट केला. अलाइनमेंट केली. बॉक्सच बदलला. ‘मग गेली का ढिलाई?’ ‘थोडी कमी झाली होती, पुन्हा आली.’

आमचे म्हणणे एवढेच आहे की या गाड्यांवर होणारा बराचसा खर्च दुरुस्तीचा नसून अंदाजाचा आहे. रोग न शोधता औषध घातले जाते आणि पैसे शेतकऱ्याचे जातात.

हे आपल्याला नवे नाही. कपाशीची पाने लाल पडली की आपण कृषी केंद्रावर जातो. दुकानदार एक बाटली देतो. लाल्या तुडतुड्यांनी येतो, नत्र कमी पडून येतो, मॅग्नेशियमच्या कमतरतेने येतो, रात्रीच्या थंडीने येतो. बाटली मात्र एकच. शेवटी ज्याच्या शेतात खरोखर तोच रोग असेल त्याला गुण येतो आणि तो दुकानदाराची जाहिरात करतो. बाकीचे दुसरी बाटली घेतात. स्टिअरिंग ढिले होणे हेही असेच आहे. ते रोगाचे नाव नाही, ते फक्त लक्षण आहे. खरे तर एक लक्षणही नाही. चार वेगळ्या तक्रारींना आपण एकच नाव दिले आहे.

पहिली तक्रार खऱ्या ढिलाईची. गाडी उभी आहे, चाक हाताने डावी-उजवीकडे हलवले, चार बोटे फिरले तरी पुढची चाके जागची हलत नाहीत. याला मिस्त्री ‘प्ले’ म्हणतात. दुसरी तक्रार गाडी भरकटण्याची. उभ्या गाडीत प्ले नाही, पण रस्त्यावर सरळ चालत नाही, सारखी सावरावी लागते, वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप माघारी येत नाही. तिसरी, खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून जाताना स्टिअरिंग आपल्या हातात स्वतःहून फिरते. चौथी सर्वांत भीतीदायक: ठराविक वेगाला, एखादा दणका बसला की पुढची दोन्ही चाके लटलट हलू लागतात, सगळी गाडी थरथरते आणि वेग उतरवेपर्यंत थांबत नाही. पहिल्या तक्रारीचा इलाज दुसऱ्या-तिसऱ्यावर केला तर सुटे भाग नवे होतात, गाडी तशीच राहते.

मिस्त्रीकडे जाऊन ‘ढिलं आहे’ एवढेच सांगणारा गिऱ्हाईक म्हणजे डॉक्टरकडे जाऊन ‘बरं वाटत नाही’ म्हणणारा पेशंट. दोघांनाही पहिल्यांदा सलाइनच लागते.

आता हिशेब करू. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल जाहीर झाला. हा भाव हातात पडला असे धरले तरी सोळा हजारांचे बिल म्हणजे दोन क्विंटल कापूस. आणि तो हातात पडू नये याची काळजी घेणारे होतेच: ऐन हंगामाच्या तोंडावर, ऑगस्ट २०२५ मध्ये, केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले आणि ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत लांबवली. अशा बाजारात दोन क्विंटल कापूस अंदाजपंचे वाहून जाऊ देणे आपल्याला परवडते का?

शोध कसा घ्यायचा, ते सांगतो. त्याला कॉम्प्युटर लागत नाही, दोन माणसे आणि अर्धा तास लागतो.

सुरुवात टायरपासून करा. ही सर्वांत स्वस्त तपासणी, म्हणून सगळे ती सोडून देतात. पुढच्या दोन्ही टायरांत हवा सारखी आहे का, दोन्ही एकाच मापाचे आणि जातीचे आहेत का, झीज एका बाजूने आहे का हे बघा. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला रिमोल्ड टायर घालून बॉक्सची दुरुस्ती करणारे आम्ही पाहिले आहेत.

मग गाडी सपाट, कडक जागेवर उभी करा. चाके सरळ. न्यूट्रल, हँडब्रेक, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे. गाडी जॅकवर घ्यायची नाही. पुढच्या चाकांवर वजन असले तरच ढिलाई दिसते. चाके अधांतरी असली की सगळेच सैलपणे फिरते आणि काही कळत नाही. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा, कारण इंजिन बंद असताना पॉवर बॉक्समध्ये जादा प्ले वाटतो आणि चांगल्या बॉक्सवर खोटा आळ येतो. इंजिन चालू असताना खाली जाणाऱ्याने पंखा आणि पट्ट्यापासून बाही, उपरणे सांभाळावे.

एकाने स्टिअरिंगवर बसून चाक दोन-तीन बोटे डावीकडे, दोन-तीन बोटे उजवीकडे असे हळू हलवत राहायचे. जोर लावायचा नाही. दुसऱ्याने खाली जाऊन साखळीच्या एकेका कडीवर हात ठेवत जायचे. चाकापासून निघणारा दांडा, त्यावरचा क्रॉस किंवा कपलिंग, मग स्टिअरिंग बॉक्सात शिरणारी शाफ्ट, बॉक्सातून बाहेर येणारा ड्रॉप आर्म, तिथून निघणारी ड्रॅग लिंक, तिचे दोन्ही बॉल जॉइंट, दोन चाकांना जोडणारा टायरॉड, त्याचे दोन्ही एंड. प्रत्येक सांध्यावर बोटे अशी ठेवा की अर्धे बोट अलीकडच्या भागावर आणि अर्धे पलीकडच्या. अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा थांबून मग हलतो, तिथे ढिलाई आहे. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला कळते. एकाच ठिकाणी सापडली म्हणून थांबू नका. जुन्या गाडीत दोन-तीन ठिकाणी थोडी थोडी असते आणि तिची बेरीज स्टिअरिंगवर होते.

बॉक्सपाशी जरा जास्त वेळ काढा. बॉक्सात शिरणारी शाफ्ट फिरते पण ड्रॉप आर्म थांबून राहतो, तर ढिलाई बॉक्सच्या आत आहे. पण त्याआधी बॉक्स स्वतः चेसिसवर हलतो का ते बघा. त्याचे बोल्ट सैल झालेले असतात, किंवा बोल्ट जिथे बसतात तिथला चेसिसचा पत्राच तडकलेला असतो. धुळीच्या थरात ताजी रेघ दिसली, बोल्टाच्या भोवती गंजाची लाल भुकटी दिसली, की समजा तिथे काहीतरी सारखे घासते आहे. आमच्या माहितीतल्या एका भावाने वर्षभरात टायरॉडचे चारही एंड आणि एक बॉक्स बदलला होता. शेवटी ढिलाई निघाली ती बॉक्सखालच्या चेसिसच्या तड्यात. नवा बॉक्स तडकलेल्या पत्र्यावर बसवून दिला होता. बसवताना तडा दिसला नाही की दिसून सांगितला नाही, त्या वादात आम्ही पडत नाही. पैसे दोन्ही रीतीने एकाचेच गेले.

बॉक्सच्या झाकणावर एक स्क्रू असतो आणि त्यावर लॉकनट. तो थोडा आवळला की प्ले कमी झाल्यासारखा वाटतो. हीच ती प्रसिद्ध ‘बॉक्स टाइट करणे’ नावाची दुरुस्ती. पाच मिनिटांचे काम, गिऱ्हाईक खूश. यातली मेख लक्षात घ्या. गाडी जास्त वेळ सरळ चालते, त्यामुळे बॉक्सातले दाते मध्यभागी सर्वांत जास्त झिजतात, बाजूचे कमी. मधली ढिलाई जाईपर्यंत स्क्रू आवळला तर वळणावर, जिथे दाते झिजलेले नाहीत, तिथे बॉक्स आवळून धरतो. स्टिअरिंग जड होते, वळल्यावर माघारी येत नाही, आणि बॉक्स लवकर संपतो. स्क्रूला जागा आहे, पण ती थोडी आहे आणि बाकीचे सगळे सांधे तपासून झाल्यावरची आहे. पहिल्यांदा स्क्रूला हात घालणाऱ्या माणसाला आपली गाडी देऊ नका, मग तो नात्यातला का असेना.

यानंतर जॅक. चेसिसखाली किंवा ॲक्सलखाली मजबूत घोडी लावल्याशिवाय गाडीखाली जायचे नाही. एकट्या जॅकच्या भरवशावर तर कधीच नाही, आणि विटांच्या थप्पीवरही नाही. पुढचे एक चाक उचलून वर-खाली धरून आत-बाहेर हलवा. खटखट आवाज आला तर व्हील बेअरिंग सैल आहे किंवा किंगपिन झिजला आहे. ज्या गाड्यांना पुढे सलग ॲक्सल नाही त्यांत बॉल जॉइंट. कोणते ते ओळखायची युक्ती सोपी आहे. दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट गेली तर बेअरिंग, राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. बेअरिंग आवळणे आणि किंगपिन बदलणे यांच्या बिलात केवढा फरक असतो ते ज्याने दिले त्याला विचारा. मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. इथे टायरॉडची ढिलाई पुन्हा एकदा उघडी पडते.

आता उंच केलेल्या गाड्यांकडे येऊ, कारण आपल्या भागातला अर्धा घोटाळा तिथे आहे.

अमेरिकेत पिकअप उंच करणे हा हौशी लोकांचा उद्योग आहे. मोठी टायरे, उंच कमानी, आणि मग पुढच्या चाकांचा तो चौथ्या तक्रारीचा थरथराट. त्याला तिकडे जे नाव आहे त्याचा अर्थ ‘मरणाची लटलट’ असा होतो. आपल्याकडे कोणी हौसेने उंच करत नाही. काळ्या जमिनीतली पांदण पावसाळ्यात कशी होते ते आपल्याला सांगायला नको. मधला उंचवटा डिफरन्शियलला घासतो, चाकोऱ्यांत गाडी पोटावर बसते. शिवाय माल. कापूस वजनाने हलका असला तरी जागा खातो. फळ्या वाढवून, जाळी टाकून, दोरखंड आवळून डोंगर रचला जातो. परतीला तीच गाडी खत किंवा सिमेंट भरून येते. म्हणून कमानीत एखाद-दोन पाटे जास्त घालायचे, शॅकल लांब करायची, ॲक्सल आणि कमान यांच्यात ठोकळा द्यायचा. बऱ्याच सेकंडहँड गाड्या तर असे करूनच विकायला येतात, आणि विकणारा ते गुण म्हणून सांगतो: ‘पाटे वाढवलेत, कितीही भरा.’

यात स्टिअरिंगचे काय होते? पुढून गाडी उंच झाली की चेसिसवरचा बॉक्स वर जातो, ॲक्सल खालीच राहतो. दोघांना जोडणारी ड्रॅग लिंक जी जवळपास आडवी असायला हवी ती तिरपी होते. मग खड्ड्यात चाक वर-खाली झाले की लिंक बॉक्सकडे ढकलते किंवा ओढते, आणि स्टिअरिंग हातात आपोआप फिरते. ही झाली तिसरी तक्रार. यात एकही सांधा ढिला नसतो. टायरॉडचे एंड बदलून ती जाणार नाही, बॉक्स बदलूनही जाणार नाही. उंची मूळ मापावर आणा किंवा त्या उंचीला जुळणारा बनावटीचा ड्रॉप आर्म मिळत असेल तर तो घाला. ड्रॅग लिंक गरम करून वाकवणे, कापून वेल्डिंग करून लांब करणे हे धंदे चालतात ते बंद करा. स्टिअरिंगच्या कोणत्याही दांड्याला वेल्डिंग लागलेले दिसले तर ती गाडी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. वेल्डिंगशेजारचे लोखंड एक दिवस न सांगता तुटते.

मागून उंच केलेल्या गाडीचे दुखणे वेगळे. पुढचे चाक ज्या किंगपिनवर फिरते तो सरळ उभा नसतो, त्याचा माथा थोडा मागे झुकलेला असतो. त्या झुकावाला कॅस्टर म्हणतात. त्याच्यामुळेच गाडी सरळ चालते आणि स्टिअरिंग माघारी येते. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो, तेच तत्त्व. हा झुकाव मोजक्या अंशांचा असतो. पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर असलेल्या गाडीचा मागचा भाग ५ सेंटिमीटर उचलला तर सगळी चेसिस सुमारे १ अंश पुढे झुकते आणि कॅस्टरमधून तो अंश वजा होतो. रिकामी गाडी भरकटू लागते. माल भरला की मागचा भाग बसतो, कॅस्टर परत येतो, पण माल मागे जास्त असेल तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगल्यासारखे लागते. ‘भरल्यावर एक, रिकामी असताना दुसरंच’ असे सांगणाऱ्याने सांध्यांच्या आधी कमानी तपासाव्यात. पुढची शॅकल लांब केली तरी ॲक्सल फिरतो आणि कॅस्टर बदलतो. तो जुळवायला कमान आणि ॲक्सल यांच्यामध्ये मापाची लोखंडी पाचर मिळते. लाकडाची पाचर ठोकून देणारेही आहेत.

आणि एक जागा जी कोणीच बघत नाही: कमानीचे यू-क्लॅम्प. पाटे वाढवले की जुने क्लॅम्प आखूड पडतात, तरी तेच ताणून बसवतात. नवे पाटे एकमेकांवर बसले की क्लॅम्प सैल पडतात. म्हणून पाटे घातल्यावर भरलेल्या गाडीच्या एक-दोन फेऱ्या झाल्या की ते पुन्हा आवळावे लागतात, आणि ते कोणी आवळत नाही. मग स्टिअरिंग फिरवले की आधी ॲक्सल कमानीखाली सरकतो आणि नंतर चाके वळतात. वरून बघणाऱ्याला वाटते बॉक्स ढिला. कमानीचे बुश आणि शॅकलच्या पिना झिजल्या तरी हेच होते. दोन माणसांच्या त्या तपासणीत खालच्याने एकदा कमानीकडे नजर टाकली तर दिसते.

आता कायद्याचे. मोटार वाहन नियम १९८९ मधला ९८ वा नियम म्हणतो की स्टिअरिंगला चाकावर मोजून ३० अंशांपेक्षा जास्त प्ले नसावा, सांध्यांच्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात. ३० अंश म्हणजे घड्याळातला एक तास. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ते कडेने साडेदहा सेंटिमीटर होतात. आमच्या मते भरल्या गाडीला ही मर्यादा फार सैल आहे. त्याच्या निम्म्याला पोचलात की तपासणीला लागा. पण टोप्या आणि पिना ही दोन कलमे सोन्यासारखी आहेत. रबरी टोपी फाटली की माती आत जाते, ग्रीस बाहेर येते आणि सांधा एका हंगामात खलास होतो. फाटकी टोपी, बेपत्ता स्प्लिट पिन, वाळलेले ग्रीस निपल: गाडी घेताना एवढे तीनच बघितले तरी मागचा मालक गाडीशी कसा वागला ते कळते.

आणि गाडी उंच करण्याबद्दल. कारखान्याने ठरवलेल्या मापांपासून फारकत घेणारा बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे. आम्हाला आणखी एक इन्स्पेक्टर रस्त्यावर उभा राहावा अशी हौस नाही. इन्स्पेक्टर आला की गाडी सुधारत नाही, फक्त हप्ता ठरतो. फिटनेसच्या कागदाचे तेच. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला तो दरवर्षी घ्यावा लागतो, आणि कागद ताजा असताना ढिले स्टिअरिंग घेऊन फिरणाऱ्या गाड्या आपण सगळे बघतो. पण अपघात झाला की हाच ५२ वा कलम विमा कंपनीचा वकील वाचून दाखवतो, हे लक्षात असू द्या.

कारण या गाड्यांत फक्त कापूस जात नाही. वेचणीच्या दिवसांत पहाटे पंधरा-वीस बाया मागे उभ्या राहून शेतावर जातात. संध्याकाळी त्याच बाया कापसाच्या गाठोड्यांवर बसून परत येतात. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालासोबत असेल तर त्याला १९९४ च्या कायदादुरुस्तीने विम्याचे संरक्षण आहे. बाकी बसवलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २००२ चा निकाल आहे. कधी कोर्टाने कंपनीला आधी भरपाई द्यायला लावली तरी ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. त्या बाया गाडीमालकाच्या मजूर की शेतमालकाच्या, यावर वर्षानुवर्षे वाद चालतो आणि ज्या घरची बाई गेली त्या घराला तारखा मिळतात. स्टिअरिंगचा तो चार बोटांचा खेळ तिच्या जिवाशी चाललेला असतो आणि तिला ते माहीतही नसते. गाडी उंच, वर माल उंच, त्यावर माणसे, खाली सैल क्लॅम्प. मजुरी दहा रुपयांनी वाढवा म्हटले की आपण कापसाचा भाव सांगतो. तो खराच आहे. पण स्प्लिट पिनेला कापसाचा भाव आड येत नाही.

मिस्त्रींवर सगळे खापर फोडणे मात्र आम्हाला मान्य नाही. तालुक्याच्या मिस्त्रीला कंपनीचे दुरुस्तीचे पुस्तक कधी दिसलेले नसते. कॅस्टर किती, टो-इन किती, कोणता बोल्ट किती आवळायचा, हे आकडे कंपनीच्या वर्कशॉपबाहेर येत नाहीत. तो अंदाजाने काम करतो कारण त्याला अंदाजावर ठेवले आहे. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेती अवजारे आणि मोटारगाड्या या दोन्हींचा समावेश केला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्टलही उघडले. पोर्टलावर पिकअप दुरुस्त होत नाही. आमची मागणी अनुदानाची नाही, सवलतीचीही नाही. गाडी विकताना कंपनीने तिची दुरुस्तीची मापे मराठीत छापून द्यावीत, आणि ती ज्याला हवी त्याला मिळावीत. बियाणे असो, औषध असो की स्टिअरिंग बॉक्स, आपली वस्तू आपल्याला समजू नये यात कोणाचा तरी धंदा असतो. तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची मागणी आपण बियाण्यापुरती केलेली नव्हती.

तोपर्यंत वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला ज्यांना पिकअप घेऊन येणे जमेल त्यांनी तो रिकामा आणावा, येताना मुद्दाम धुऊन आणू नये, कारण धूळ आणि गंजच सगळे सांगतात. सकाळच्या सत्राआधी मैदानाच्या कडेला दोन-दोन माणसांच्या जोड्या करून गाड्या तपासू. जोडीत एकजण गाडीचा मालक नसावा. घोडी, टॉर्च, ग्रीसगन आणि पान्यांचा सेट ज्या तालुक्याकडे असेल त्याने आणावा. स्प्लिट पिना आणि ग्रीस तालुका समितीने मूळ किमतीला आणून ठेवावे. कोणत्या गाडीत ढिलाई कुठे निघाली ते कागदावर लिहून मालकाच्या हातात द्यायचे, म्हणजे मिस्त्रीकडे गेल्यावर ‘ढिलं आहे’ म्हणावे लागणार नाही. ‘डाव्या बाजूचा एंड आणि यू-क्लॅम्प, बॉक्सला हात लावू नको’ असे सांगता येईल. महिला आघाडीच्या ज्या बहिणी वेचणीला पिकअपने जातात त्यांनीही या तपासणीला उभे राहावे आणि आपण ज्या गाडीत बसतो तिचा कागद मागून वाचावा.